वन्यजीव व्यवस्थापन शिकायचंय? बारावी ते प्रबंध : काय, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

बारावीचा निकाल लागला की 'वन्यजीवांसाठी कुठला कोर्स चांगला?' अशी विचारणा सुरू होते. उत्तरादाखल संस्थांची नावं मिळतात, मुलं-मुली अर्ज भरतात, आणि तीन-चार वर्षांनी कळतं की हातातली पदवी हव्या त्या परीक्षेला चालत नाही, किंवा ज्या एम.एस्सी.साठी थांबलो तिची यंदा तुकडीच नाही. या चुका हुशारी कमी पडल्याने होत नाहीत, क्रम चुकल्याने होतात. म्हणून इथे सगळं क्रमाने मांडलं आहे, महाराष्ट्रातला विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवून. तारखा, शुल्क आणि जागा दरवर्षी बदलतात. त्यासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानायची, कुणी पाठवलेला मेसेज नाही.

## टप्पा १ : आधी काम ठरवा, मग पदवी

वन्यजीव व्यवस्थापन म्हणजे नुसता प्राण्यांचा अभ्यास नव्हे. पाणवठे, वणवा, गवत, चराई, गावांचे हक्क, नुकसानभरपाई, पर्यटन, कोर्टकचेरी हे सगळं त्यात येतं. जुन्नरच्या उसात वाढणारा बिबट्या, सोलापूरच्या माळावरचा लांडगा आणि मेळघाटातला वाघ यांचे प्रश्न वेगळे, आणि ते सोडवणारी माणसंही वेगवेगळ्या वाटांनी आलेली असतात. ढोबळमानाने चार वाटा आहेत.

वनसेवा. भारतीय वन सेवा यूपीएससीमार्फत, आणि राज्यातली सहायक वनसंरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी ही पदं एमपीएससीमार्फत. इथे अधिकार मिळतात, बदल्याही होतात, आणि दिवसाचा मोठा भाग फायली, अतिक्रमणं, बैठका यांत जातो. हे आधी कळलेलं बरं.

संशोधन. एम.एस्सी., पुढे बहुधा पीएच.डी. जंगलात राहायला मिळतं, पण त्याहून जास्त वेळ संगणकासमोर आकडे तपासण्यात जातो. सुरुवातीची वर्षं प्रकल्पावरच्या मुदतीच्या नोकऱ्यांची असतात.

पशुवैद्यकीय. जखमी बिबट्याला बेशुद्ध करणं, शवविच्छेदन, रोगनिदान ही कामं करायची असतील तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हीच पदवी लागते. तिचा प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून हे काम करता येईल असा समज अनेकांचा असतो. तसं होत नाही.

लोकांबरोबरचं काम. सामूहिक वनहक्क, जैवविविधता व्यवस्थापन समित्या, लोकजैवविविधता नोंदवह्या, मानव-वन्यजीव संघर्ष. इथे समाजशास्त्र, कायदा, अगदी पत्रकारिता शिकलेली माणसंही उत्तम काम करतात. माझ्या मते पुढच्या काळात सर्वांत जास्त गरज याच माणसांची आहे, आणि सर्वांत कमी विद्यार्थी हीच वाट विचारात घेतात.

चारपैकी एक आत्ताच पक्की करा असं नाही. पण दोन निवडा आणि दोन्हीकडे नेणारी पदवी घ्या.

> सावध : भारतीय वन सेवेसाठी कुठलीही पदवी चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असायला हवा, किंवा पदवी कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची हवी. नुसतं 'पर्यावरणशास्त्र' किंवा 'जैवतंत्रज्ञान' त्या यादीत नाही.

हा मुद्दा नव्या मेजर-मायनर पद्धतीत आणखी महत्त्वाचा झाला आहे. मेजर जैवतंत्रज्ञान आणि मायनर भलताच, अशी पदवी ऐकायला छान वाटते, पण गुणपत्रिकेवर यादीतला विषय दिसत नसेल तर अर्जाच्या वेळी अडचण उभी राहते. मेजर काहीही घ्या, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र त्या पदवीत नावानिशी दिसेल याची खात्री प्रवेश घेतानाच करा. एमपीएससीची पात्रता-यादी वेगळी आहे. ती जाहिरातीतूनच वाचा, यूपीएससीवरून अंदाज बांधू नका.

## टप्पा २ : बारावी, सीईटी आणि कागदपत्रं

चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र ही पदवी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळते. प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो. काही जागा देशपातळीवरच्या परीक्षेतून भरल्या जातात, त्यासाठी सीयूईटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. सीईटी दिली म्हणजे दोन्हीकडे नाव लागलं असं समजून बसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

ज्यांना पुढे शुद्ध परिस्थितिकीकडे जायचं आहे त्यांनी वनशास्त्रच करायला हवं असं नाही. चांगल्या महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन केलेली बी.एस्सी. तितकीच उपयोगी. वनशास्त्राचा फायदा असा की वृक्षमापन, वनसंवर्धन, कार्य आयोजना (वनातल्या कामांचा आराखडा) अशा गोष्टी तिथे मुळातून शिकवल्या जातात, आणि वनसेवेच्या परीक्षेत त्या थेट कामाला येतात.

आता कागदपत्रं. इथे गुण असूनही जागा जातात, म्हणून थोडं सविस्तर.

१. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. निकालानंतर अर्ज केला तर समितीकडून प्रमाणपत्र यायला लागणारा वेळ प्रवेशफेऱ्यांच्या वेळापत्रकात बसत नाही.
२. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चशी बांधलेली असते. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र घेऊन जूनमध्ये रांगेत उभं राहू नका, आधी त्यावरची तारीख वाचा.
३. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर नाव एकसारखं हवं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर वेगळं असेल तर राजपत्रातला बदल किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते आधीच करून ठेवा.
४. कृषी शाखांच्या प्रवेशात शेतजमिनीच्या पुराव्याला भारांक मिळत आला आहे. त्या वर्षीच्या पुस्तिकेत तो असेल तर सातबारा कुणाच्या नावाचा चालतो हे नीट वाचा. जमीन आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद कोणता, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

तपासा : वरचे सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आहेत का? प्रत्येक फाइलच्या नावात मुदतीची तारीख लिहिली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : पदवीच्या वर्षांत तीन गोष्टी शिकून घ्या

बारावीनंतर गणित सुटतं आणि मुलं सुटकेचा नि:श्वास टाकतात. वन्यजीवशास्त्रात तेच गणित संख्याशास्त्राच्या रूपात परत येतं. सरासरी, विचरण, संभाव्यता, प्रतिगमन एवढं पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पक्कं करा. 'आर' ही संगणकभाषा आणि 'क्यूजीआयएस' हे नकाशांचं सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. एम.एस्सी.ला गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांचं पहिलं सत्र त्यातच जातं.

दुसरी गोष्ट, झाडं. प्राण्यांच्या वेडापायी वनस्पती ओळखणं मागे पडतं. मग सांबराने काय खाल्लं, अस्वल कोणत्या झाडाखाली थांबलं, हे लिहायची वेळ आली की 'झुडूप' एवढंच लिहिलं जातं. आपल्या तालुक्यातली पन्नास-साठ झाडं पान, फूल, फळ आणि साल यांवरून, स्थानिक आणि शास्त्रीय अशा दोन्ही नावांनी यायला हवीत. ऐन, धावडा, तेंदू, मोह, बेहडा ही नावं गावातल्या माणसाकडून शिका. पण एकच नाव दोन जिल्ह्यांत दोन वेगळ्या झाडांना असू शकतं, म्हणून शास्त्रीय नाव जोडीला हवंच.

तिसरी गोष्ट, नियमित नोंदी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या भरा. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागण्यापेक्षा एकाच ठिकाणी, ठरलेल्या वेळी, वर्षभर केलेल्या याद्यांची किंमत जास्त. प्रवेशाच्या मुलाखतीत अशी वर्षभराची एक वही दहा सहभाग-प्रमाणपत्रांना भारी ठरते.

> सावध : आठवड्याचे, महिन्याचे 'वन्यजीव' प्रमाणपत्र-कोर्स ओळखी आणि अनुभव यासाठी करा. ते पदवीच्या जागी चालत नाहीत. आणि ज्या शिबिरात साप, घुबडं हाताळून फोटो काढायला देतात तिथे जाऊच नका. ते कायद्यातही बसत नाही आणि शास्त्रातही.

## टप्पा ४ : एम.एस्सी. — कॅलेंडर आधी, अर्ज नंतर

संस्थांचे अभ्यासक्रम नावाने जवळचे वाटतात, पण आतून बरेच वेगळे असतात.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेची (स्थापना १९८२) एम.एस्सी. वन्यजीवशास्त्राची आहे, प्रवेश लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातली वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाची एम.एस्सी. तुकडी एक वर्षाआड घेत आली आहे. तिथे अभियंते, डॉक्टर, कला शाखेचे पदवीधरही बसले आहेत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तमिळनाडूत मयिलादुतुराईच्या ए.व्ही.सी. कॉलेजात वन्यजीव जीवशास्त्र शिकवतात. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची एम.एस्सी. आहे, तर भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनावर भर देणारी. डेहराडूनच्या वन संशोधन संस्था अभिमत विद्यापीठात वनशास्त्राकडे झुकणारे अभ्यासक्रम मिळतील. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या नावात 'व्यवस्थापन' आहे, पण तिथला मुख्य अभ्यासक्रम एमबीएच्या अंगाने जातो आणि प्रवेशाला 'कॅट'सारखी परीक्षा लागते. वाघांची गणना शिकायला म्हणून तिथे गेलात तर निराशा होईल. वनोपज, संस्था चालवणं, विकासप्रकल्प यांत रस असेल तर जागा योग्य आहे.

क्रम असा ठेवा :

१. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या चार-पाच संस्थांची यादी करा आणि प्रत्येकीसमोर 'यंदा तुकडी आहे का?' हे लिहा. उत्तर संकेतस्थळावर नसेल तर विभागाला ईमेल करा.
२. ज्यांची तुकडी यंदा नाही त्यांच्यासाठी वर्ष रिकामं ठेवायचं का, हे आत्ता ठरवा, निकालानंतर नाही. एखाद्या क्षेत्रप्रकल्पावर वर्षभर काम करून मग अर्ज केला तर ते वर्ष वाया जात नाही, उलट निवडीला मदतच होते.
३. संशोधनाकडे जायचं असेल तर 'गेट'मधला परिस्थितिकी आणि उत्क्रांतीचा पेपर पाहून ठेवा. त्याच्या अभ्यासातून प्रवेशपरीक्षांची निम्मी तयारी होते.
४. शिफारसपत्रं मागायला प्राध्यापकांकडे किमान तीन आठवडे आधी जा, सोबत तुमचं काम एका पानावर लिहून न्या.

अर्जासोबतच्या हेतुपत्रात 'मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. निवड समितीसमोरच्या बहुतेक पत्रांत ते असतंच. त्याऐवजी तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट आणि तिच्यातून पडलेला प्रश्न लिहा. 'आमच्या गावच्या गायरानात सोलर प्रकल्प आल्यावर तिथली धाविक पक्ष्यांची जोडी दिसेनाशी झाली. ती हलली कुठे, हे शोधायला काय मोजावं लागेल?' असं एक वाक्य सगळ्या आवडीनिवडींपेक्षा जास्त सांगून जातं.

वनसेवा देणाऱ्यांसाठी जाताजाता : भारतीय वन सेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबर एकत्र होते, मुख्य परीक्षा वेगळी. तिला दोन वैकल्पिक विषय असतात आणि कृषी व वनशास्त्र ही जोडी एकत्र घेता येत नाही. ही अट न वाचता वर्षभर दोन्हींचा अभ्यास केलेले उमेदवार आहेत. चालण्याची चाचणी पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, महिलांना चार तासांत १४ किलोमीटर. अंतर अवघड नाही, सराव नसेल तर पाय सोलपटतात.

## टप्पा ५ : प्रबंधाचा प्रश्न

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला प्रत्यक्ष क्षेत्रकामासाठी साधारण चार-पाच महिने मिळतात. तेवढ्यात काय होऊ शकतं याचा विचार न करता 'बिबट्यांचा अभ्यास' असा विषय नोंदवला जातो. हा विषय झाला, प्रश्न नव्हे.

त्याच बिबट्यावर प्रश्न कसा तयार होतो ते पाहू. जुन्नर तालुक्यातल्या काही गावांत गोठ्यातल्या शेळ्या-वासरांवर हल्ले होतात, शेजारच्या गोठ्यावर होत नाहीत. का? इथे बिबट्या दिसण्याची गरजच नाही. वनविभागाकडे नुकसानभरपाईच्या प्रकरणांच्या नोंदी असतात. त्यातून हल्ला झालेले गोठे निवडायचे, आणि प्रत्येकाच्या जवळपासचा हल्ला न झालेला गोठा जोडीला घ्यायचा. मग दोन्हींकडे तेच मोजायचं : भिंत किती उंच, दाराला कडी आहे का, वर जाळी आहे का, ऊस किती मीटरवर, रात्री दिवा असतो का, कुत्रा आहे का, घर किती लांब. चार महिन्यांत हे नक्की होतं. उत्तर गावाच्या उपयोगी पडतं, वनविभागाच्याही. आणि बिबट्याला काडीचाही त्रास होत नाही.

प्रश्न नोंदवण्याआधी स्वतःला विचारा :

- मी नेमकं काय मोजणार, आणि ते कोणत्या एककात?
- दिवसाला किती नोंदी होतील, आणि एकूण किती लागतील? चार महिन्यांत आठ वेळा दिसणाऱ्या प्राण्यावर संख्याशास्त्र चालत नाही.
- पावसाने किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताने महिनाभर काम थांबलं तरी उरलेल्या वेळात प्रश्न जिवंत राहील का?
- उत्तर 'नाही' आलं तरी ते उपयोगाचं असेल का?

वाघ सोडून विषय घेतला तर कमीपणा येतो ही समजूत सोडा. देवराईतल्या वडा-उंबरांवर येणारे फलाहारी पक्षी, पिंगळ्याच्या उलटीतले उंदरांचे अवशेष, माळरानावरच्या खोकडाची बिळं, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीतली बदकं, ठाणे खाडीतले रोहित : यांवरची कामं पूर्ण होतात, परवानगी लवकर मिळते, आणि शिकायला तितकंच मिळतं.

## टप्पा ६ : परवानगी

क्रमातली सर्वांत महागडी चूक म्हणजे आधी प्रबंधाचं वेळापत्रक ठरवणं आणि मग परवानगीचा अर्ज टाकणं. अर्ज क्षेत्रकामाच्या किमान चार-सहा महिने आधी गेला पाहिजे. अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश देण्याचा अधिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. व्याघ्र प्रकल्पात काम असेल तर क्षेत्र संचालकांचं मत घेतलं जातं. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीसाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे जावं लागतं. आधी बीटचा, म्हणजे एका वनरक्षकाकडच्या क्षेत्राचा, नकाशा पाहून जमीन नेमकी कुणाकडे आहे हे ठरवा. प्रादेशिक वनविभाग, वन्यजीव विभाग आणि वन विकास महामंडळ यांच्या हद्दी एकमेकींना लागून असतात.

अर्जात या गोष्टी स्पष्ट हव्यात : प्रश्न, पद्धत, ठिकाणं (रेंज, राउंड, बीट आणि कक्ष क्रमांकासह), तारखा, सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वाहन क्रमांक, उपकरणं, आणि काय गोळा करणार. शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून राहतो. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. पकडणं, सापळा लावणं तर त्यात आहेच, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी विचलित करणंही आहे. म्हणजे घरट्यात डोकावून अंडी मोजायचा प्रबंध कलम २८ च्या परवानगीवर होत नाही. त्यासाठी कलम १२ ची वेगळी परवानगी लागते, आणि प्राणी अनुसूची १ (कायद्यातली सर्वाधिक संरक्षणाची यादी) मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमतीही. केस, पिसं, शिंगं, हाडंही वाटेत सापडली म्हणून उचलून आणायची नाहीत. विष्ठेचे नमुने हवे असतील तर तेही अर्जात लिहा.

> सावध : नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचा विचार असेल तर जैविक विविधता अधिनियम, २००२ खालच्या मंजुऱ्या आधी पाहा. मार्गदर्शकांनी 'बघू नंतर' म्हटलं तरी तुम्ही नंतर पाहू नका.

गावाचीही परवानगी असते, कागदावर नसली तरी. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेपुढे जाऊन विषय मांडा. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावांनी हे हक्क लढून मिळवले आहेत. तिथे वनविभागाचं पत्र दाखवून थेट जंगलात शिरणं हा उद्धटपणा ठरतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया कानावर पडेल. नमस्कार, नाव, 'हे काय म्हणतात?' एवढं तरी त्या भाषेत शिकून जा.

तपासा : परवानगीची मूळ प्रत, दोन छायाप्रती, ओळखपत्र, मार्गदर्शकांचं पत्र. क्षेत्रात पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी वनपरिक्षेत्र अधिकारी आणि बीटचे वनरक्षक यांना भेटलात का?

## टप्पा ७ : क्षेत्रकाम आणि नोंदी

पहिला आठवडा मोजणीचा नाही. पद्धत जमते का हे पाहण्याचा आहे, आणि त्या आठवड्याचे आकडे अंतिम विश्लेषणात घेऊ नका.

तृणभक्ष्यांची घनता काढायला रेषाछेद चालतात, म्हणजे ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत दिसलेले प्राणी नोंदवतात. अखिल भारतीय व्याघ्रगणनेतही दोन किलोमीटरचे छेद असतात. पद्धत साधी दिसते आणि तरी बिघडते, ती अशी :

- छेद सोयीसाठी रस्त्यावर किंवा पाणवठ्याच्या वाटेवर टाकला जातो. प्राणी तिथे सगळीकडच्यापेक्षा जास्त किंवा कमी असतात, आणि आकडा संपूर्ण जंगलाचा राहत नाही. छेदाची जागा नकाशावर आधी ठरवा, मग ती शोधत जा.
- अंतर नजरेने ठरवलं जातं आणि सगळे आकडे २०, ३०, ५० असे येतात. रेंजफाइंडर वापरा. कळपाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि छेदाशी होणारा कोन, दोन्ही लिहा. कळप ६० मीटरवर आणि कोन ३० अंश असेल तर छेदापासूनचं लंबांतर ३० मीटर. कोन लिहायचा राहिला तर ती नोंद बाद.
- समोरचे प्राणी बुजून पळाल्यावर ते जिथे थांबले तिथलं अंतर लिहिलं जातं. लिहायचं ते प्रथम दिसले तिथलं.

कॅमेरा सापळे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावत असाल तर समोरासमोर दोन लावा, थोडे तिरके. वाघाच्या आणि बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरची नक्षी वेगळी असते. एकच बाजू मिळाली तर एक प्राणी दोन म्हणून मोजला जाण्याचा धोका राहतो. लावण्यापूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याची तारीख-वेळ तुमच्या जीपीएसशी जुळवा, आणि समोरचं गवत कापा. हलणाऱ्या गवताचे हजारो फोटो आणि रिकामी झालेली बॅटरी, याहून वाईट सोमवार नसतो.

आता अक्षांश-रेखांश. जीपीएस कधी अंश-मिनिटांत दाखवतो, कधी दशांशात. समजा उपकरणावर १९ अंश ३० मिनिटं दिसलं आणि वहीत १९.३० लिहिलं. दशांशात ते १९.५० आहे. या एका टिंबाने जागा सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला सरकते. नकाशावर जंगलातला बिंदू शेतात पडतो, आणि महिन्याभराने कळतं तेव्हा वहीतल्या कुठल्या नोंदी कोणत्या पद्धतीच्या हे आठवत नाही. पहिल्याच दिवशी दशांश पद्धत आणि डब्ल्यूजीएस ८४ ही संदर्भप्रणाली निवडा, वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहा, आणि पुन्हा बदलू नका.

वहीत पेन्सिलने लिहा. शाई पावसात आणि घामात विरघळते. प्रत्येक पानावर तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, हवामान, सोबत कोण होतं. काहीही दिसलं नाही तरी फेरीची नोंद हवी. शून्य हा आकडा आहे, आणि तो न लिहिल्याने बिघडलेले प्रबंध मी तपासले आहेत. रोज संध्याकाळी पानांचे फोटो काढा, आकडे संगणकात भरा, आठवड्याला एक प्रत तळाबाहेर पाठवा.

सुरक्षेचं थोडक्यात, पण गांभीर्याने. जंगलात एकट्याने जायचं नाही. वनरक्षक किंवा स्थानिक सोबती हवाच, आणि त्याला त्याच्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या. मोहाच्या हंगामात पहाटे अस्वलाची गाठ पडते, आणि वाघापेक्षा ती जास्त धोक्याची. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते, म्हणून साप पकडून न्यायची गरज नाही. सिंधुदुर्गात काम असेल तर माकडतापाची माहिती करून घ्या. तो गोचिडींमुळे होतो, त्यामुळे रोज अंग तपासणं आणि लांब मोजे टाळू नका.

## टप्पा ८ : लिहिणं आणि परत देणं

क्षेत्रकाम संपण्याआधी निम्म्या आकड्यांवर विश्लेषण करून पाहा. मोजायची राहिलेली गोष्ट तेव्हा सापडली तर अजून मोजता येते, डेहराडूनला किंवा पुण्याला परतल्यावर नाही. पद्धतीचं प्रकरण क्षेत्रातच लिहून टाका. उपकरणाचं मॉडेल, छेदांची लांबी, फेऱ्यांची संख्या हे सगळं समोर असताना दोन दिवसांचं काम, नंतर दोन आठवड्यांचं.

निष्कर्षात व्यवस्थापनाचा सल्ला लिहिताना तुमच्या आकड्यांपलीकडे जाऊ नका. वीस गोठ्यांवरच्या कामातून तालुक्याचं धोरण निघत नाही. 'दाराला कडी आणि वर जाळी असलेल्या गोठ्यांत हल्ले कमी आढळले' एवढं निघतं, आणि तेवढं पुरेसं उपयोगाचं असतं.

प्रबंध सादर झाला की तीन प्रती वेगळ्या काढा. एक मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाला, कारण परवानगीपत्रात ती अट असते. दुसरी ज्या रेंजमध्ये काम केलं तिथल्या अधिकाऱ्यांना, दोन पानी मराठी सारांशासह, कारण पूर्ण प्रबंध वाचायला त्यांना वेळ नसतो. तिसरा निव्वळ सारांश ग्रामपंचायतीला किंवा ग्रामसभेला. गावातल्या लोकांची नावं आणि घरांचे नेमके अक्षांश-रेखांश त्यातून काढून टाका. घरट्यांच्या आणि बिळांच्या जागाही. तिन्ही ठिकाणी दिल्याची पोच शिक्क्यासह घ्या आणि परवानगीच्या मूळ पत्राला जोडून ठेवा. पीएच.डी.साठी किंवा पुढच्या प्रकल्पासाठी अर्ज कराल तेव्हा 'मागच्या परवानगीचा अहवाल सादर केला का?' असं विचारलं जाईल.